कच्च्या टाक्यांची सहल

मास्तरांच्या सहलीची तिकिटं मी उलटी काढली.

तशी तिकिटं झकास होती. दोन्ही जागा शेजारी-शेजारी, त्यातली एक खिडकीची. फक्त जायच्या दिवशी मोठ्या शहरातून आमच्या गावात यायचं आणि परतीच्या दिवशी आमच्या गावातून मोठ्या शहरात जायचं, अशी त्यांची रचना होती. खिडकी मिळतेय म्हटल्यावर मी असा काही हरखलो की 'कुठून' आणि 'कुठे' ह्या दोन रकान्यांकडे बघायचं राहूनच गेलं. वर ती तिकिटं बक्षीस मिळाल्यासारखी नाचवत मी दुकानात शिरलो.

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. एक तिकीट वाचलं, दुसरं वाचलं, परत पहिलं वाचलं.

"साहेब," ते म्हणाले, "ह्यात परत यायची सोय उत्तम केलीत. तिकडं पोचायचं कसं, तेवढं बघा."

पडद्याच्या पलीकडून वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. साहेबांनी आपल्याला तिकडचे रहिवासी करून टाकलंय."

मला वाटलं होतं मास्तर चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते चक्क सुखावले. परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी ऐकून अभ्यास न झालेल्या पोराचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा झाला. खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "घाई केली की हे असं होतं. द्या ती तिकिटं परत करून. आता नीट बेत करू."

त्या 'नीट'नं पुढे माझा जीव नकोसा केला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तीन पायऱ्या चढून गेलं की त्यांचं शिवणकामाचं दुकान लागतं. लांबीला आगगाडीच्या डब्यासारखं आणि रुंदीला त्याच डब्यातल्या मधल्या वाटेसारखं. दाराशी मशीन, मग कापड बेतायचं लांब टेबल, त्याच्यावर खडू, कात्री आणि कोळशाच्या काळातली वाटावी अशी विजेची इस्त्री. मग कपडे घालून बघायचा पडदा. पडद्यामागे एका स्टुलावर वहिनी बसतात. शर्टांची काजं, बटणं, पँटींच्या तळाची हातशिलाई, सगळं त्यांच्याकडे. गिऱ्हाईक पडद्याशी कपडे बदलायला आलं की वहिनी उठून दाराशी येऊन उभ्या राहतात आणि ते गेलं की परत आत जातात. दिवसभर त्यांचं एवढंच काय ते हिंडणं.

मास्तरांच्या शिवणकामाची दोन वैशिष्ट्यं सगळ्या गावाला ठाऊक आहेत. एक म्हणजे माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. पुढे माणूस जाड झाला की उसवून कपडा मोठा करता येतो. बाकीचे शिंपी बोटभर ठेवतात. मास्तर ठेवतात ती बघून वाटावं, हा माणूस पुढेमागे हत्ती होणार अशी त्यांना आतून खबर आहे. माझ्या पँटीच्या आत आणखी एक पँट आहे, आणि उन्हाळ्यात मी दोन्ही घालून कचेरीत जातो. दुसरं म्हणजे ट्रायल. कच्चे टाके घालून कपडा अंगावर चढवल्याशिवाय मास्तर पक्की शिलाई मारत नाहीत. साधा पायजमा शिवायला टाका, तरी ट्रायल. एका नवरदेवाला त्यांनी लग्नाच्या दिवशी सकाळी ट्रायलला बोलावलं होतं. तो बिचारा एका बाहीत टाचण्या तशाच ठेवून उभा राहिला आणि त्याला मिठी मारायला गेलेली सासरची मंडळी एकेक करून मागे सरली.

पण कपडा मात्र मास्तरांचाच. तो कधी उसवला नाही, कधी आखडला नाही, ज्याच्या त्याच्या अंगाबरोबर वाढत गेला. माणूस असा चोख, म्हणून त्याच्यावर रागावताही येत नाही. आणि रागावायची वेळ तर रोज यायची.

सहलीची गोष्ट जुनी होती. दोऱ्याच्या कंपनीनं कधीतरी एक कॅलेंडर दिलं होतं. वर्ष केव्हाच उलटून गेलं, पण कॅलेंडर वहिनींच्या समोरच्या भिंतीवर तसंच राहिलं, कारण त्यावर मोठ्या शहरातल्या मत्स्यालयाचं चित्र होतं. काचेचा बोगदा. खाली माणसं चाललीत आणि त्यांच्या डोक्यावरून, काचेपलीकडून, चादरीएवढा एक चपटा मासा पोहत चाललाय. वहिनी काजं करता करता मान वर करायच्या ती थेट त्या माशाच्या पोटाकडे.

"भाऊजी," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "मासा वरून सगळेच बघतात. खालून कुणी बघितलाय? बघा ना, कसा हसल्यासारखा दिसतो."

मी बघितला. खरंच हसत होता.

"एकदा जाऊन येऊ," असं मास्तर म्हणाले होते ते कॅलेंडर नवं असताना. शाळांचे गणवेश शिवून संपले आणि लग्नसराई अजून लागली नाही, अशी मध्ये थोडी उसंत मिळते. तेवढ्यात दोन दिवस काढायचे. पण दरवर्षी ती उसंत बेत करण्यातच सरायची आणि बेत पुरा होईतो पहिला नवरदेव माप द्यायला दारात उभा राहायचा. वहिनींची एक मामेबहीण त्या शहरात राहते. ती दरवर्षी निरोप धाडायची, "या." ह्या दरवर्षी निरोप धाडायच्या, "येतो." तिचं घर बदललं, तरी ह्यांचं येणं झालं नाही.

ह्या वर्षी मात्र गणवेशांची शेवटची चड्डी इस्त्रीखालून बाहेर पडली, तेव्हा वहिनी पडदा सारून पुढे आल्या.

"ह्या खेपेला गेलो तर गेलो," त्या म्हणाल्या. "नाही गेलो तर मी परत ह्या गोष्टीचं नाव काढणार नाही."

धमकी असती तर मास्तरांनी टोलवली असती. वहिनींनी ते 'उद्या दूध घ्यायचं नाही' अशा सुरात सांगितलं. मास्तरांच्या हातातली कात्री थांबली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तिकिटांचं काम सोपवलं, आणि मी ते कसं पार पाडलं ते सांगून झालंच आहे.

तर, नीट बेत.

मी कचेरीतून सुटलो की दुकानात जायचो. उलट्या तिकिटांमुळे मान खाली होती, म्हणून नाही म्हणायची सोय नव्हती. मास्तर टेबल मोकळं करायचे आणि खडूनं एक लांबलचक चौकोन काढायचे. हे दोन दिवस. मग दोन दिवसांच्या त्या कापडात एकेक ठिकाण बसवायला घ्यायचे. राजवाडा. संग्रहालय. मोठी बाग. उंच मनोरा. आणि मत्स्यालय.

"बसतंय की सगळं," मी म्हणायचो.

"माया कुठं धरलीत, साहेब?"

मग माया. गाडीच्या आधी स्टेशनवर बसायला माया. गाडी उशिरा पोचली तर माया. तिथं उतरल्यावर डोकं गरगरेल, ते थांबायला माया. रस्ता चुकलो तर, आणि चुकलेला रस्ता सापडल्यावर तोही चुकलो तर. जेवणानंतर पोट बिघडलं तर. परतीच्या दिवशी तर सकाळपासूनच माया, कारण गाडी चुकली की संपलंच. खडूच्या रेघांवर रेघा पडायच्या. राजवाडा आक्रसत आक्रसत नुसता फाटकाएवढा उरायचा, मनोरा खालूनच बघायचा ठरायचा, आणि मत्स्यालय प्रत्येक वेळी टेबलाच्या कडेवरून खाली पडायचं.

"मासे बसत नाहीयेत," मास्तर हातावरचा खडू झटकत म्हणायचे.

पडद्याआडून आवाज, "मग राजवाडा काढा."

"राजवाडा कसा काढणार? तो मधोमध येतो."

"मधोमध येतो ना? मग जाता-येता दिसेल. त्याला मुद्दाम काय भेटायचं?"

"अगं, मोठ्या शहरात जाऊन राजवाडा बघितला नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक तुम्हाला विचारतात ते पँट कधी मिळणार एवढंच."

ह्यावर मास्तर माझ्याकडे बघायचे, मी छताकडे बघायचो, आणि टेबल पुसून पहिल्यापासून सुरुवात व्हायची. रोज नवे फाटे. बॅग एक न्यायची की दोन? एक न्यायची आणि ती हरवली तर? दोन न्यायच्या आणि एकीकडे लक्ष देताना दुसरी हरवली तर? राहायचं मामेबहिणीकडे की खोली घेऊन? मामेबहिणीकडे राहिलं तर ती आग्रह करून जेवायला बसवणार, म्हणजे आणखी माया. खोली घेतली तर मामेबहीण रुसणार, तिचा रुसवा काढायला माया. मी घरी येऊन डोकं धरून बसायचो.

"आज कुठवर पोचली सहल?" आमची ही विचारायची.

"स्टेशनच्या बाकावर."

"कालही तिथंच होती."

"काल एकाच बाकावर होती. आज बाक ओला असला तर दुसरा कुठला, ते ठरलं."

"तुम्ही दोघं मिळून त्या बाईला जन्मात मासे दाखवणार नाही," असं म्हणून ती दिवा लावायला उठायची. मी म्हणायचो, माझा काय संबंध. ती म्हणायची, खडू कोण पुरवतं. आता खडू मी पुरवत नव्हतो, पण नकाशा मीच आणून दिला होता. शहराची माहितीपुस्तिकाही. तिच्यात 'ही पन्नास ठिकाणं चुकवू नका' असं प्रकरण होतं. ते वाचून मास्तरांना प्रथमच कळलं की चुकवण्यासारखं किती काय काय आहे.

अशात उसंतीचे दिवस भराभर संपत आले. एका संध्याकाळी मी गेलो तर मास्तर भलतेच खुशीत. "साहेब, झाला बेत. पक्का. या, दाखवतो." मला हाताला धरून त्यांनी पडद्यामागे नेलं. टेबलावरचा खडू गिऱ्हाइकांच्या कोपरांनी पुसला जातो, म्हणून त्यांनी बेत कागदावर उतरवला होता. चांगला मोठा कागद, शाईच्या रेघा, ठिकाणं चौकटींत. राजवाड्याची चौकट तर दुहेरी. तो कागद त्यांनी भिंतीवर खिळ्याला लावला होता.

मी बेत वाचत होतो, तेवढ्यात कागदाची वरची कड जराशी उलटली आणि आतून निळा रंग दिसला.

शिंप्याच्या दुकानात जुनं कॅलेंडर हे बेतायला लागणारे कागदी खाके कापायच्याच कामी येतं. मास्तरांनी मोठा कागद शोधला, समोर दिसला तो घेतला, पाठ कोरी होती ती वापरली. त्यांच्या दृष्टीनं हिशोब सरळ होता. मासे आता भिंतीकडे तोंड करून होते, आणि ह्या बाजूच्या बेतात ते कुठल्याच चौकटीत नव्हते.

वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी दोरा ओवला, गाठ मारली, दातानं तोडला आणि बटण लावायला घेतलं.

"कसा झालाय?" मास्तरांनी मला विचारलं.

"रेघा सरळ आल्यात," मी म्हणालो.

त्या आठवड्यात शिवलेल्या सगळ्या शर्टांची काजं इतकी घट्ट आली की गिऱ्हाइकं बटणं लावता लावता घामाघूम झाली. एकजण तर बटण लागल्यावर ते काढायला परत दुकानात आला. मास्तर म्हणाले, नवा दोरा आहे, सैल होईल. मी मास्तरांना बाजूला घेऊन सांगून बघितलं, की अहो, ते मासे. तर म्हणाले, "साहेब, एकदा हात बसला की पुढच्या खेपेला मासे घेऊ. आधी ट्रायल होऊ द्या."

"कसली ट्रायल?"

"सहलीची."

मला वाटलं ते गंमत करताहेत. पण मास्तरांनी कापडाच्या बाबतीत कधी गंमत केली नव्हती आणि त्यांच्या लेखी सहल हे दोन दिवसांचं कापडच होतं. रविवारी सकाळी भरलेली बॅग घेऊन घरातून निघायचं. स्टेशनवर जायचं. किती वेळ लागतो ते बघायचं. रांगेत उभं राहायचं, बाकावर बसायचं, डबा खायचा, आणि घरी परत यायचं. कुठं दाटतंय, कुठं सैल पडतंय ते कळलं की मग पक्की तिकिटं.

"बॅगेत खरे कपडे भरायचे हं," त्यांनी पडद्याकडे तोंड करून सांगितलं. "चिंध्या भरशील तर वजनाचा अंदाज येणार नाही."

"भरते," वहिनी म्हणाल्या.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही गर्दी व्हा."

"म्हणजे?"

"आमच्या आजूबाजूनं हिंडा. धक्के द्या. एखादवेळी बॅगेला हात घाला. बघू आमचं लक्ष राहतंय का."

तर अशा रीतीनं त्या रविवारी मी आमच्या छोट्याशा स्टेशनवर एकटा गर्दी होऊन हिंडत होतो. मास्तर गळ्यात मोजपट्टी अडकवूनच आले होते, ती काढायची त्यांना आठवण राहत नाही. हातात घड्याळ, कपाळावर चष्मा. वहिनींनी ठेवणीतले कपडे घातले होते. एक बॅग, शिवाय खांद्याला डब्याची पिशवी. मी ठरल्याप्रमाणे मास्तरांना खांद्यानं ढकललं.

"हळू," ते म्हणाले.

"गर्दी हळू ढकलत नाही, मास्तर."

"तरी माणसं बघून ढकलते."

दोनदा ढकलून झाल्यावर हमालांतला एकजण माझ्याकडे टक लावून बघायला लागला. मी तिसऱ्यांदा बॅगेला हात घातला तेव्हा तो उठूनच उभा राहिला. म्हणून मी गर्दी कमी केली आणि बाकावर जाऊन बसलो. पलीकडे मास्तर पावलांनी फलाटाचं माप घेत होते. बाकापासून नळापर्यंत, नळापासून जिन्यापर्यंत. रविवारची सकाळ, सुट्टीचा दिवस, घरी गरम चहा, आणि मी इथं रांगेचं, नळाचं आणि न येणाऱ्या पोटदुखीचं गणित ऐकत बसलेला. मला असा काही संताप आला की वाटलं, उठावं आणि मास्तरांना खरोखरच ढकलावं.

"रांग राहिली," मास्तर म्हणाले. "अगं, तू जरा तिकिटाच्या रांगेत उभी राहून ये. मी इकडून वेळ लावतो."

वहिनी गेल्या. रांग बऱ्यापैकी होती. मास्तर घड्याळाकडे बघत होते, मी मास्तरांकडे. वहिनी खिडकीशी पोचल्या, काहीतरी बोलल्या, जरा थांबल्या आणि परत आल्या.

"वाटलं होतं त्याहून जास्त वेळ," मास्तर म्हणाले. "म्हणजे निघायची वेळ अलीकडे घ्यायला लागणार. सकाळचा चहा घरी नाही जमायचा."

वहिनींनी मान हलवली. तेवढ्यात घोषणा झाली, मोठ्या शहराकडे जाणारी गाडी येत होती.

"वा," मास्तर हरखून म्हणाले. "हेही होऊन जाईल. आता बघ, गाडी थांबली की दार कुठं येतं ते बघायचं. चढायचं नाही, नुसतं बघायचं."

गाडी आली. दार आमच्यापासून चार हातांवर आलं. वहिनींनी बॅग उचलली, दांडा धरला आणि चढल्या.

"चढायचं नाही म्हटलं ना," मास्तर म्हणाले. "उतर."

वहिनी आत जाऊन खिडकीशी बसल्या. बॅग मांडीवर घेतली. मग कमरेच्या बटव्यातून तिकीट काढून त्यांनी खिडकीच्या गजांतून दाखवलं.

मास्तरांचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर आला. "हे काय?"

"तिकीट."

"ते दिसतंय. काढलंस कशाला?"

"तुम्हीच रांगेत उभं केलंत. नंबर आला, त्यानं विचारलं, कुठलं. मागे एवढी माणसं खोळंबलेली. त्याला काय सांगू, ट्रायल आहे म्हणून?"

"आणि एकच काढलंस?"

"दोन काढली असती तर तुम्ही म्हणाला असता, जा, परत देऊन ये."

मास्तर माझ्याकडे वळले. मला वाटलं, मी काहीतरी बोलावं अशी त्यांची अपेक्षा आहे. मी म्हणालो, "वहिनी, अहो, पोचल्यावर काय?"

"पोचल्यावर मासे. मग मामेबहीण. तिला परवाच कळवलंय, आले तर येईन म्हणून." मग मास्तरांना म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी येते. काळजी करू नका. दोन शर्टांची बटणं राहिलीत, आल्यावर लावते."

मास्तर काही बोलणार इतक्यात गाडीनं हिसका दिला. ते खिडकीबरोबर चालायला लागले, मग भरभर चालायला लागले. मोजपट्टीचं टोक वाऱ्यावर उडायला लागलं. "अगं, रस्ता चुकलीस तर?" एवढं त्यांनी विचारलं. वहिनींनी काय उत्तर दिलं ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मास्तरांना आलं असावं, कारण ते थांबले.

परत आले ते माझ्यावरच घसरले.

"तुम्ही गर्दी होतात ना? मग अडवलंत का नाही?"

"मास्तर, मी एकटा. आणि तो हमाल बघत होता."

"सगळं ट्रायलचं तुमच्यासमोर ठरलं होतं."

"ठरवलंत तुम्हीच. मी नुसता धक्के देत होतो."

ते बाकावर बसले. मी शेजारी बसलो. मनातल्या मनात आमचं एकमेकांवर रागावून झालं. मग मी सांगितलं की पाव तासानं दुसरी गाडी आहे, कडेकडेच्या स्टेशनांवर थांबत जाते, पण जाते.

"म्हणजे?" मास्तर म्हणाले.

"म्हणजे जा."

"असं कसं जाईन? कपडे नाहीत."

"दोन दिवस आहे त्या कपड्यांत राहा. स्वतः शिवलेत ना?"

"दुकानाला नुसती कडी आहे. कुलूप नाही."

"मी लावतो."

"इस्त्री."

"बंद करतो."

"चालूच नाहीये. पण बघा." मग जरा थांबून म्हणाले, "उद्या सकाळी एकजण कोट घ्यायला येणार आहे."

"देतो."

"ट्रायल व्हायचीय त्याची."

"मी घेतो ट्रायल."

हे ऐकून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या कापडावर उलटी कात्री चालवतोय. पण उठले. तिकिटाच्या रांगेत गेले. रांगेत आपल्या पुढे कितीजण आहेत हे त्यांनी दोनदा मोजलं. मला वाटलं, आता खिडकीशी जाऊन हा माणूस विचारणार, गाडी बंद पडली तर काय, आणि मागची माणसं ह्याला उचलून बाहेर ठेवणार. मी तिथंच उभा राहून दात-ओठ खात होतो. इतक्या दिवसांची खडूची धूळ माझ्या नाकातोंडात होती. मास्तर, एकदा तरी काहीतरी माया न ठेवता करा हो, असं ओरडावंसं वाटत होतं.

गाडी लागली तेव्हाही ते रांगेतच होते. इकडे इंजिनानं शिटी दिली, तिकडे मास्तर खिडकीशी पोचले. मी दार धरून उभा राहिलो आणि ह्या खेपेला खरोखरीची गर्दी झालो. चढणाऱ्या दोघांना अडवून ठेवलं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या. मास्तर पळत आले. ह्या माणसाला पळताना मी आजवर बघितलं नव्हतं. एका हातात तिकीट, एका हातात घड्याळ. कसेबसे चढले, गाडी हललीच. आतल्या एका सद्गृहस्थानं त्यांना खिडकीशी सरकवलं.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामेबहिणीचं नवं घर मास्तरांनी पाहिलेलं नव्हतं. तिचा पत्ता वहिनींच्या पिशवीत, आणि घरातला एकुलता एक फोन मास्तरांच्या खिशात. मी खिडकीबरोबर पळायला लागलो.

"मास्तर, अहो, एवढ्या मोठ्या शहरात वहिनींना शोधणार कसं?"

मास्तरांनी गळ्यातली मोजपट्टी काढली, गुंडाळून खिशात घातली आणि म्हणाले,

"मासे कुठं ठेवलेत, ते विचारीन कुणालातरी."